सत्तर फूट दोर आणि एक शंका

काम तसं एका ओळीचं होतं. तिसऱ्या मजल्यावरचं कपाट तळमजल्यावर आणायचं. वर न्यायचं असतं तर गोष्ट निराळी, पण खाली यायला दगडालासुद्धा शिकवणी लागत नाही. शिट्टीच्या घरातला घोळ एवढाच की तिथे शिकवल्याशिवाय काहीच होत नसे. तिचे बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि शाळा सुटली तरी त्यांची शाळा सुटायची नाही.

शिट्टी नववीत होती. तिचं खरं नाव हजेरीपटावर सुखरूप होतं. बाकी जगात ती शिट्टीच, आवाजामुळे. गेल्या वर्षीपर्यंत हा आवाज जिन्यात आणि मैदानावरच निघायचा, वर्गात तिची वाचा बसायची. मग दोन महिन्यांपूर्वी तिने एकदा धीर करून हात वर केला, एक शंका विचारली, आणि सर साठ मुलांसमोर म्हणाले, "चांगली शंका आहे." झालं. त्या दिवसापासून बांध फुटला तो फुटलाच. चालत्या बसमध्ये वर फेकलेला चेंडू मागे का राहत नाही, दोन दिवे एका ओळीत जोडले की दोघेही रुसल्यासारखे मंद का होतात, पृथ्वी आपल्याला ओढते तर आपण पृथ्वीला ओढतो का, आणि ओढत असलो तर तिला ते कळतं का. शेवटी सरांना नियम करावा लागला: शिट्टीला एका तासाला दोन शंका. जास्तीच्या वहीत लिहून ठेवायच्या.

हे सर म्हणजेच बाबा. त्यामुळे आणखी एक नियम होता, तो जुना. शाळेत 'बाबा' म्हणायचं नाही आणि घरी 'सर' म्हणायचं नाही. शाळेतल्या सरांना शंका चालत, घरातल्या बाबांना चालत नसत. घरी आले की बाबा चपला दाराशी काढत आणि शंकानिरसनही तिथेच, चपलांशेजारी ठेवून आत येत.

आता कपाटाकडे वळू. ते आईचं होतं. आईच्या आईचं, म्हणून आईचं. सागवानी, सहा फूट उंच, आणि दारावर नखशिखान्त आरसा. हा आरसा साधा नव्हता. त्यात माणूस किंचित बारीक दिसायचा. फार नाही, पण आपण उगाच काळजी करत होतो असं वाटावं इतपत. आई म्हणायची, "आरसा खोटं बोलत नाही, फक्त शब्द जपून वापरतो."

आणि आता त्या आरशाला नोकरी लागली होती. चौदा वर्षं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मशीन ठेवून लोकांचे कपडे शिवल्यावर आईने इमारतीच्याच तळमजल्यावरचा एक गाळा घेतला होता. पाटी रंगवून झाली होती, मशीन बसलं होतं, सोमवारी सकाळी दहाला दुकान उघडायचं होतं. सगळं तयार होतं, आरसा सोडून.

"नवीन आरसा घे की," बाबा एकदा म्हणाले होते.

"नव्या आरशात बाई स्वतःला बघते आणि कापड घेऊन घरी जाते," आई म्हणाली. "या आरशात बघते आणि म्हणते, बाह्या जरा वेगळ्या करा. अहो, मला तो आरसा हवा. त्याच्याशिवाय मी दुकान उघडणार नाही."

आई सहसा 'मला हवं' म्हणत नसे. म्हणून तर ते वाक्य घरात दोन दिवस तसंच उभं राहिलं.

कपाट जिन्याने उतरवायला हरकत काहीच नव्हती, पाण्याच्या पंपाच्या विजेची पेटी सोडून. कपाट वर गेलं तेव्हा ही पेटी नव्हती. मधल्या काळात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर बसवली गेली होती: लोखंडी, हिरवी, भिंतीतून हातभर बाहेर आलेली. बसवणारे होते दुसऱ्या मजल्यावरचे मीटरकाका. ते वीज कार्यालयातून निवृत्त झाले होते, पण वीज कार्यालय त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. इमारतीच्या कमिटीचे ते चिटणीस होते. बाकीचे सभासद कधी येत नसत, त्यामुळे कमिटी म्हणजे काका आणि एक रबरी शिक्का.

"पेटी सहा इंच सरकवता येईल का?" बाबांनी विचारलं.

"अर्ज करा," काका म्हणाले. "दोन प्रती. आणि वीज कार्यालयाचं ना-हरकत पत्र जोडा."

बाबा वीज कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी जाडजूड वही उघडली, बोट वरून खाली नेलं, खालून वर आणलं, आणि म्हणाले, "ही पेटी आमच्या नोंदीत नाही."

"पण ती जिन्यात आहे."

"जिन्यात असेल. नोंदीत नाही. नसलेली पेटी सरकवायला आम्ही हरकत कशी घेणार?"

"मग हरकत नाही असं लिहून द्या."

"नसलेल्या पेटीबद्दल कसं लिहून देणार?"

बाबा घरी आले ते जिन्यात त्या नसलेल्या पेटीवर खांदा आपटूनच.

मग सल्ले सुरू झाले. सल्ल्याचं असं असतं की तो द्यायला उचलावं काहीच लागत नाही. पहिल्या मजल्यावरचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, कपाटाचे पाय कापा, पुन्हा जोडता येतात. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टर स्वतःच्या पायांकडे बघू लागले. समोरच्या दारातले आजोबा म्हणाले, कपाट राहू द्या, दुकानच वर आणा. हमालांचा मुकादम येऊन बघून गेला. त्याने दोन बोटं दाढीतून फिरवली आणि म्हणाला, "बाहेरून सोडू. गच्चीवर गर्डर आहे. सहा माणसं, एक दोर, अर्धा तास."

इथे बाबांच्या अंगात आलं.

"सहा माणसं कशाला?" ते म्हणाले. "दोन चाकांची एक कप्पी वर, दोन चाकांची एक खाली. कपाट ऐंशी किलोचं. वजन चार दोरांवर वाटलं जाणार. हातावर किती येणार? वीस किलो. पिठाचं पोतं. तुम्ही, मी आणि भौतिकशास्त्र, बस्स."

"तिसरा माणूस किती वाजता येणार?" मुकादमाने विचारलं.

शनिवारी संध्याकाळी बाबा दोर घेऊन आले. नवा, पांढरा, गुंडाळी करून खांद्यावर टाकलेला. कागदावर हिशेब होता: तिसऱ्या मजल्याच्या कठड्यापासून जमीन तेहतीस फूट, दोन फूट इकडेतिकडे, पस्तीस. "आणि सावधगिरी म्हणून दुप्पट," बाबा अभिमानाने म्हणाले. "सत्तर."

शिट्टीला काहीतरी टोचलं. नक्की काय ते सांगता येईना. मंगळवारच्या तासाला कप्पीचाच धडा झाला होता, आणि त्यात एक वाक्य होतं, आणि ते वाक्य आता डोक्यात माशीसारखं फिरत होतं पण बसत नव्हतं.

"बाबा, दोर..."

"दुप्पट घेतलाय."

दुप्पट म्हणजे खूपच वाटलं. तरी ती पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात आईने तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आज त्यांना काही विचारू नकोस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामात इतका जीव ओतलाय. चालू दे."

शिट्टीने शंका वहीत लिहून ठेवली. वहीत लिहिलेल्या शंका कुणी वाचत नाही, हा त्या वहीचा मोठा गुण होता.

रविवारी सकाळी नऊला बाबा, मुकादम आणि त्याचा एक गडी गच्चीवर होते. मुकादमाचे आणखी दोन गडी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत होते, कपाट कठड्यापलीकडे काढून द्यायला. गच्चीवरून खालचं दिसत नव्हतं, म्हणून गॅलरीत शिट्टीची नेमणूक झाली. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे सोडा. तिला वाजवायला खरी शिट्टी द्यावी का यावर थोडी चर्चा झाली, पण ती लागणार नाही असं सर्वांचं मत पडलं. आई खाली दुकानाच्या दारात उभी होती, वर बघत, मोजपट्टी गळ्यात तशीच.

दोर कप्प्यांतून ओवतानाच वीस फूट आत गेला. मुकादमाने एक भुवई उचलली. बाबांनी ती पाहिली नाही.

कपाट गोधड्यांत गुंडाळलं होतं, पण आरशाची बाजू आईने उघडी ठेवायला लावली होती. "दिसलं पाहिजे मला, फुटलाय की नाही ते." गड्यांनी हात दिला, वरून दोर ओढला गेला, आणि कपाट कठड्यावरून उचललं जाऊन अलगद बाहेर आलं. खरोखर अलगद. एखादं म्हातारं माणूस पाण्यात उतरावं तसं. वरून बाबांचा आवाज आला, "बघा, एका हाताने धरलाय." आणि शिट्टीच्या मनात बाबांबद्दल इतकं काही दाटून आलं की ती शिट्ट्या मारायच्या विसरली आणि तिला आठवण करून द्यावी लागली.

दोन शिट्ट्या. कपाट खाली. दोन शिट्ट्या. आणखी खाली. फूट, दोन फूट, पाच फूट. रस्त्यापलीकडचा न्हावी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर वस्तरा धरून बाहेर आला. आठ फूट. दहा.

कपाट थांबलं. कुणी एक शिट्टी मारली नव्हती.

"बाबा, सोडा ना," शिट्टी ओरडली.

वरून बाबांचा आवाज आला, जरा जास्तच शांत. "तांत्रिक विश्रांती."

मागोमाग मुकादमाचा आवाज आला, त्याला शांत राहायचं काही कारण नव्हतं. "दोर संपला."

तर परिस्थिती अशी: गच्चीवर दहा फूट दोर शिल्लक, तो धरायलाच हवा, म्हणून पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलेला. जमीन तेवीस फूट खाली. आणि कपाट दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीसमोर, कठड्याच्या वीतभर वर, सकाळच्या उन्हात सावकाश गोल फिरत. आरशाचा कवडसा समोरच्या इमारतीवरून चालला होता. आधी तो न्हाव्याच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत गेला, मग पहिल्या मजल्यावर झोपलेल्या कुणाच्या तोंडावर, मग एका मांजरावर. मांजर त्याच्या मागे तीन खिडक्या धावलं. खिडक्या एकेक करून उघडू लागल्या आणि प्रत्येकीतून एकेक सल्ला बाहेर आला.

"दुसरा दोर आणून गाठ मारा."

"गाठ कप्पीतून जाणार नाही," बाबा वरून म्हणाले. हे त्यांना बरोबर माहीत होतं.

"खाली गाद्या टाका आणि सोडून द्या."

याला आईने खालून फक्त मान वर करून उत्तर दिलं. खिडकी बंद झाली.

"परत वर ओढू या," मुकादम म्हणाला. "पुढच्या रविवारी सहा माणसं घेऊन येतो."

"अहो," आई खालून म्हणाली, आणि तिचा आवाज मोठा नव्हता तरी चारही मजल्यांना ऐकू गेला, "ते वर गेलं ना, की वरच राहील. या घरातली कामं मला माहीत आहेत."

शिट्टीने कठड्यावरून वाकून पाहिलं. आईच्या मागे दुकानाची पाटी दिसत होती आणि आत, भिंतीपाशी, कपाटाएवढी रिकामी जागा. आईने ती जागा सकाळी पुसून ठेवली होती.

इतक्यात मीटरकाका गॅलरीत आले. बनियन, चष्मा, हातात वर्तमानपत्र. समोर त्यांना मीटरकाका दिसले, बनियन, चष्मा आणि वर्तमानपत्रासकट, नेहमीपेक्षा थोडे बारीक. ते दचकले.

"हे काय आहे?"

"कपाट, काका," शिट्टी वरून म्हणाली.

"ते दिसतंय. माझ्या गॅलरीच्या हद्दीत काय करतंय?"

"विश्रांती घेतंय."

"सरांना विचार, कुणाच्या परवानगीने."

बाबा गच्चीवर, काका दुसऱ्यावर, मध्ये शिट्टी. बोलणं तिच्यातूनच वाहू लागलं. तारेतून वीज जाते तसं, फक्त प्रत्येक तारेला थोडा रोध असतो, तसा शिट्टीलाही होता. काका म्हणाले, "वर्गात पोरांना अक्कल शिकवतात आणि इथे ही तऱ्हा." वर पोचलं ते एवढंच: "काका परवानगीचं विचारतायत." बाबा म्हणाले, "त्या माणसाने जिन्यात लोखंडी फणस टांगला नसता तर ही वेळ आली नसती." खाली पोचलं ते: "बाबा म्हणतात, पेटीमुळे थोडी अडचण झाली." उरलेली सगळी उष्णता तारेतच राहिली, आणि शिट्टीचे कान लाल झाले.

आणि त्या उष्णतेतच ती माशी बसली. मंगळवारचं वाक्य आठवलं.

शिट्टी गॅलरी सोडून जिन्याने गच्चीवर धावली. बाबा टाकीच्या खांबापाशी उभे होते, एक हात बांधलेल्या दोरावर. कपडे नीटनेटके होते, केस विंचरलेले होते, पण माणूस कुठेतरी उतरून गेल्यासारखा दिसत होता. मुकादम आणि गडी दुसऱ्या टोकाला, मुद्दाम दुसरीकडे बघत उभे होते. ही त्यांची चांगुलपणाची पद्धत होती.

शिट्टीने हात वर केला. सरळ, कोपर न वाकवता, वर्गात करतात तसा.

"सर."

"घरी सर नाही म्हणायचं."

"हे घर नाही, गच्ची आहे." ती थांबली. हात मात्र खाली घेतला नाही. "सर, एक शंका आहे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या वर केलेल्या हाताकडे. सवय वाईट असते. "विचार," ते म्हणाले.

"कपाट दहा फूट खाली गेलं. दोर किती गेला?"

बाबांनी खाली पडलेल्या दोराकडे पाहिलं. मग गर्डरच्या कप्पीकडे. त्यांची बोटं आपोआप हवेत हलली, फळ्यावर लिहिताना हलतात तशी.

"चाळीस," ते म्हणाले.

"म्हणजे तेहतीस फुटांना?"

"एकशे बत्तीस." मग अगदी हळू: "ओवलेला वीस. हातातला दहा. एकशे बासष्ट."

"तुम्हीच सांगितलं होतं. यंत्र जोर वाचवतं, काम वाचवत नाही. जोर चौथाई झाला..."

"...की दोर चौपट लागतो." बाबा टाकीच्या पायरीवर बसले. रस्त्यावरून न्हाव्याचा आवाज आला, तो गिऱ्हाइकाला मान हलवू नका म्हणत होता. "पंधरा वर्षं शिकवतोय मी हे," बाबा म्हणाले. "पंधरा वर्षं. दरवर्षी परीक्षेला घालतो." मग त्यांनी मान वर केली. "तुला काल माहीत होतं?"

"अर्धं माहीत होतं."

"मग काल का नाही बोललीस?"

"काल तुम्ही बाबा होता."

मुकादमाच्या गड्याला खोकला आला. बाबा तिच्याकडे बघत राहिले. रागावले असं तिला आधी वाटलं, पण राग तसा नसतो, तो इतका वेळ गप्प बसत नाही.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "दुसरी शंका विचार. आज दोन आहेत तुझ्या."

"दुसरी शंका नाही, उत्तर आहे. पेटी दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये आहे ना? कपाट तर तिच्या खाली पोचलंय. काकांच्या गॅलरीतून आत घ्यायचं, पुढच्या दाराने बाहेर काढायचं, आणि जिन्याने खाली. तिथून खाली जिना मोकळा आहे."

मुकादम पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळला. "हा तुमचा तिसरा माणूस का?" त्याने बाबांना विचारलं.

राहता राहिले मीटरकाका. बाबा स्वतः दुसऱ्या मजल्यावर गेले, शिट्टी मागे. काकांनी दार उघडलं, ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "अर्ज करा. दोन प्रती."

"काका, कपाट हवेत लोंबतंय," बाबा म्हणाले.

"म्हणून तर विषय लिहायला सोपा. 'लोंबत्या कपाटास सदनिकेतून वाट देणेबाबत.' आणि कारणाचा रकाना रिकामा सोडू नका. लोक कारण लिहीत नाहीत, मग फाईल माझ्यासारख्याने बघायची कशी?"

बाबांनी टेबलावर कागद ओढला. शिट्टीला वाटलं, आता ते पेटीचं लिहिणार. पेटीचं लिहायला त्यांच्याकडे तीन पानं मजकूर होता, तोंडपाठ. बाबांचं पेन कारणापाशी येऊन थांबलं. थोडा वेळ तसंच थांबलं. मग त्यांनी सुंदर, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं:

'कारण: अर्जदार दोराची लांबी काढताना स्वतः शिकवलेला धडा विसरला. चूक अर्जदाराच्या मुलीने लक्षात आणून दिली.'

दुसऱ्या प्रतीवरही तेच लिहिलं. काकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"सदतीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "कारणाच्या रकान्यात खरं कारण पहिल्यांदा बघतोय." ते शिक्का शोधायला उठले, पण दोन पावलं जाऊन थांबले. "त्या पेटीचं पण, सर... खरं तर ती खालच्या मजल्यावर बसवायची होती. मी नकाशा उलटा धरला होता. मग तिथेच भोकं पडली, आणि आता कसं सांगायचं म्हणून राहिली." त्यांनी घसा खाकरला. "हे लिहून देणार नाही मी."

"नका देऊ," बाबा म्हणाले.

शिक्का सापडायच्या आतच गॅलरीतून बोलण्याचा आवाज येऊ लागला. तिघं बाहेर गेले. काकू कठड्याला टेकून उभ्या होत्या, हातात फणी. कपाट फिरत फिरत त्यांच्यासमोर आलं की त्या केस विंचरायच्या, आणि वळून गेलं की थांबायच्या. मधल्या वेळात खाली आईशी बोलणं चाललं होतं.

"हा तुझ्या दुकानात असणार का गं?"

"हो काकू. उतरला तर."

"उतरतो. न उतरून जातो कुठे? माझं निळं कापड पडून आहे, त्याचा लांब झगा शिवायचाय. आधी वाटायचं, या वयात शोभेल का." आरसा पुन्हा वळून समोर आला. काकूंनी त्यात नीट पाहिलं, उजवीकडून, डावीकडून. "शोभेल. उद्या पहिलं माप माझं घे."

"अजून कमिटीचा निर्णय..." काका म्हणाले.

"कमिटीला म्हणावं बैठक घ्या," काकू वळूनही न बघता म्हणाल्या. "आणि तोवर हातातलं वर्तमानपत्र ठेवून कपाट आत ओढा."

कमिटीने वर्तमानपत्र ठेवलं.

मुकादमाचे दोन गडी, बाबा आणि काका कठड्याशी उभे राहिले. शिट्टी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर, आपल्या जागी. दोन शिट्ट्या, आणि वरून मुकादमाने उरलेल्या दोरातला दोन हात दोर दिला. दोन हात दोरात कपाट वीतभरच उतरलं, आणि आज पहिल्यांदाच सगळ्यांना ते बरोबर वाटलं. कपाट कठड्यावर टेकलं, आडवं झालं, आठ हातांवरून आत गेलं. काकांच्या बैठकीतून जाताना एक खुर्ची आणि एक फुलदाणी यांना हलावं लागलं, ते त्यांनी अर्ज न मागता केलं. मग पुढचं दार, मग जिना, मग दुसरं वळण, मोकळं. पहिल्या मजल्यावर डॉक्टरांनी दार उघडून कपाटाचे पाय पाहिले, चारही जागेवर होते.

दुकानात ते पुसलेल्या जागेत असं बसलं, जणू तिथेच उगवलं होतं. आईने गोधडी काढली, आरशावरून हात फिरवला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ओरखडा नव्हता. मग ती आरशासमोर उभी राहिली, गळ्यात मोजपट्टी, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा हसली. बाबा दाराशीच थांबले होते.

"आत या की," आई म्हणाली. "तुम्हालाही दाखवते, किती बारीक झालात आज."

सोमवारी दहाला दुकान उघडलं. त्याच वेळी नववीच्या वर्गात सरांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं: ऐंशी किलोचं कपाट, चार दोरांवर तोललेलं, तेहतीस फूट खाली सोडायचं. सुरुवातीला ओवलेला दोर वीस फूट, हातात धरायला दहा. एकूण दोर किती लागेल? खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, जी पुस्तकात नाही: 'एका शिक्षकाने सत्तर फूट आणला. कपाट कुठे अडकेल?'

वर्गात वह्या उघडल्या, पेन्सिली चावल्या गेल्या. शिट्टीने हात वर केला, सरळ, कोपर न वाकवता.

"एकशे बासष्ट. आणि सत्तर फुटांत दहा फूटच खाली येईल, दुसऱ्या मजल्यासमोर अडकेल."

"बरोबर. मग त्या कपाटाचं पुढे काय झालं असेल?"

"ते आईच्या दुकानात पोचलं, बाबा."

साठ डोकी एकदम वहीतून वर आली. नियम सगळ्यांना ठाऊक होता. शिट्टीचे कान कालच्यासारखे तापले. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते, हातात खडू, आणि त्यांचे खांदे किंचित हलत होते.

"बरोबर," ते म्हणाले. वळले तेव्हा चेहरा पुन्हा सरांचा होता, जवळजवळ. "आजच्या दोनांतली एक शंका संपली."

"ती शंका नव्हती, सर. उत्तर होतं."

सरांनी क्षणभर विचार केला.

"मग दोन्ही शिल्लक," ते म्हणाले. "बोल."